भातकुलीची पोरगी

संघपाल जाऊन वर्ष होत आलं, तरी दुर्गाबाईंच्या जिवाला एक घोर लागून होता. भातकुलीच्या त्या पोरीला कुणी कळवलं असेल का?

वलगावहून अमरावतीला शाळेची व्हॅन नेणारा त्यांचा हा लेक एरवी मोजकंच बोलायचा. पोरं मागे भांडायला लागली की आरशातून नुसतं पाहायचा, तेवढ्यानं गाडी शांत. पण संध्याकाळी व्हॅन धुऊन झाली, कानात वायर खोचून तो ओट्यावर बसला, की त्याला कंठ फुटे. दुर्गाबाई आत तुरीच्या शेंगा सोलत ऐकत.

"भातकुलीले ये. मी थांबून राहिलो."

"झाडामागं लप व, कोणीतरी पाहून राहिलं!"

एकदा तर, "मरू नको बाई, मी आलोच!"

दुर्गाबाईंनी कधी विचारलं नाही. लग्नाच्या वयाचं पोरगं; सांगेल तेव्हा सांगेल. मनातल्या मनात त्यांनी ती मुलगी पाहूनही ठेवली होती : उंच, सावळी, जराशी हट्टी. मग त्याला कावीळ झाली, आणि सांगायचं राहूनच गेलं.

वर्षाच्या पुण्यस्मरणाला बुद्धवंदना आटोपली, पंगत बसली, तेव्हा दारात एक अनोळखी मुलगी फुलं घेऊन उभी होती. धाकटी लेक प्रियदर्शनी म्हणाली, "आई, ही वर्षाली. दादाच्या फोनवरच्या दोस्तांतली. मीच बलावलं."

दुर्गाबाईंनी तिचा हात धरून तिला थेट आतल्या खोलीत नेलं.

"भातकुलीची काय व तू?"

"नाही काकू, अकोल्याची."

"मंग तो भातकुलीले कोणाले बलावे?"

वर्षाली गोंधळली. मग ओठ दाबून म्हणाली, "मलेच."

तिनं मोबाईल काढला. पडद्यावर त्यांच्या खेळातलं एक बेट, आणि त्यावर उतरणारी चौघांची टोळी : संघपाल, वर्षाली आणि आणखी दोघं. तिथल्या गावांच्या इंग्रजी नावांना कुणाची जीभ वळेना, म्हणून संघपालनं आपली नावं ठेवली. बंदराला चांदूर रेल्वे. नदीकाठच्या गावाला भातकुली.

"आन ते झाडामागं लप?"

"दुश्मन येई ना, काकू. मी लय लवकर मरायची. संघपालदादा दरवेळी माघारी येऊन मले उठवे."

"दादा," दुर्गाबाई स्वतःशीच म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "म्हंजे, भातकुलीले त्याची वाट पाहत कोणी नाही?"

"कोणीच नाही. आमा तिघांले तं त्याच दिवशी समजलं."

दुर्गाबाईंनी चष्मा लावला. नदी, चार पत्र्याची घरं, उघडं माळरान.

"हे भातकुली? कपाशीचं एक बोंडबी नाही!"

"आमच्या टोळीतला कोल्हापूरचा गोवर्धन अजूनही भातकुलीच म्हणते. खरी भातकुली आहे म्हणून सांगितलं, तर म्हणे, फेकू नको."

दुर्गाबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की प्रियदर्शनी हातातल्या पळीसकट धावत आली. वर्षभरात आईचं असं हसू तिनं ऐकलं नव्हतं.

"घेऊन ये त्याले इकडं," दुर्गाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "माही बहीण भातकुलीलेच दिली हाय. खरी भातकुली दाखवतो त्याले."

ती उंच, सावळी मुलगी मनातून उठून गेली, याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं. पण तिला काही कळवायचं आता उरलं नव्हतं. त्यांनी वर्षालीला पंगतीत बसवलं आणि तिच्या पानात दुसऱ्यांदा बुंदी वाढली.

"पुरे, काकू!"

"अकोल्याचे लोक एवढंच जेवतेत काय व?"