बिनआवतणाचं औषध

गंगूबाईचे गुडघे दुखायचे थांबले आणि ती घाबरली. दुसरी कोणी असती तर तिनं देवीची ओटी भरली असती. गंगूबाई मात्र चारचौघांत मुद्दाम लंगडत चालू लागली.

त्याला कारण होतं. परतवाड्याच्या अलीकडे नदीकाठच्या मळ्यात भाजी पिकवणाऱ्या या बाईकडे सासऱ्यांकडून गुडघ्याचं औषध आलं होतं. तीन झाडांचं. शनिवारी सांजेला झाडाच्या बुंध्याशी हळदीचे तांदूळ ठेवायचे, "उद्या येतो न्यायले, चाल बाप्पा" म्हणून त्याला आवतण द्यायचं आणि रविवारी उन्हं यायच्या आत, कोणाशी चकार शब्द न बोलता, हवं तेवढं तोडून आणायचं. पैसा घ्यायचा नाही, नारळ चालतो. झाडांची नावं कोणाला सांगायची नाहीत, सांगितली की गुण जातो. आणि शेवटचा नेम असा की देणाऱ्याला स्वतःचं औषध लागू पडत नाही. गावाला औषध देणारी ही बाई स्वतः भिंत धरून उठायची, ती त्यामुळेच. कोणी चिडवलं तर म्हणायची, "दिव्याखाली अंधार असतेच, बाप्पा."

औषध काही जादूचं नव्हतं. महिना-दोन महिने घेतल्यावर कोणाला थोडं हलकं वाटे, कोणाला काहीच वाटत नसे. गंगूबाईला त्यात कमीपणा वाटला नाही. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, एवढं तिला ठाऊक होतं.

मग तिच्या मुलानं, विपुलनं, यात हात घातला. अमरावतीला राजापेठेत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. आईला बांध चढवत नाही म्हणून पाला आणणं, वाळवणं, दळणं त्यानं आपल्याकडे घेतलं. दर रविवारी तो मोटारसायकलवर पुड्यांची पिशवी घेऊन यायचा. झाडाला आवतण वगैरे त्यानं दिलं असेल अशी आशा करण्यात अर्थ नव्हता. पण त्याच्या पुड्यांनी चार दिवसांत गुडघे मोकळे होऊ लागले. अकोल्याहून जीप भरभरून माणसं आली. नारळांशेजारी विपुलनं पैशांचा एक डबाही ठेवला, आणि गंगूबाईनं तिकडे पाहायचं टाळलं.

शेजारच्या मळ्यात सुभद्रा राहायची, फुलं विकायची. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आलेल्या. सुभद्रा तर त्या पुड्या घेऊन नाचायचीच बाकी होती. एक दिवस तिनंच आपली पुडी पुढे केली. "घे वं गंगू. कोण पाहून राहिलं?"

गंगूबाईनं घेतली. लागू पडणार नाहीच, या भरवशावर घेतली. चार दिवसांनी ती मांडी घालून बसली आणि हात न टेकता उठली. बरं वाटण्याचा मोह वाईट. त्यानंतर दोन महिने ती चोरून रोज घेत राहिली आणि रोज घाबरत राहिली. लागू पडतंय म्हणजे यात सासऱ्यांच्या झाडांखेरीज दुसरं काही होतं.

"काय टाकून राहिला तू याच्यात?" तिनं विपुलला विचारलं.

"काही नाही वं माय. मशीननं बारीक दळतो, म्हणून लागू पडते," तो मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाला.

पोर खोटं बोलतंय हे आईला कळतं. कळून घ्यायचं नसलं की तेवढं कळत नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला सुभद्रा आली, तेव्हा तिचं तोंड पुरीसारखं फुगलेलं होतं. बाया म्हणाल्या, तब्येत सुधारली! तिच्या दंडावर जागोजागी निळे डाग होते. बांगड्या भरताना कासारणीनं नुसता हात धरला, तर तिथेही डाग उमटले म्हणे. घर रिकामं झाल्यावर तिनं आरशात स्वतःचं तोंड पाहिलं. तेही गोल होऊ लागलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं उरलेल्या पुड्या उकिरड्यात पुरल्या. आल्या-गेल्याला सांगितलं, औषध बंद. गावोगाव निरोप धाडले, घरात असेल तेवढं फेकून द्या. सुभद्राच्या पुड्या तर तिनं स्वतः जाऊन चुलीत टाकल्या. एवढं केल्यावर तिला हायसं वाटलं, बिचारीला.

चौथ्या दिवशी सुभद्रा अंथरुणावरून उठलीच नाही. उलट्यांनी अंगातलं त्राण गेलं होतं, शब्द ओठांतच विरत होते. विपुलनं गाडी आणली आणि तिला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. गंगूबाई सोबत गेली.

"आजी, यांनी काय औषध घेतलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "एकूण एक नाव सांगा."

सासऱ्यांनी मरतानाही त्या नावांची आण घातली होती. पलीकडे सुभद्राचा हात खाटेवरून लोंबत होता. त्या हाताकडे पाहून ती बोलली.

"निरगुडी. हाडजोड. सालईचा डिंक."

"याच्यानं असं होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यात स्टेरॉइडच्या गोळ्या मिसळल्यासारखं दिसतंय. मी इंजेक्शन दिलंय, पण कोणती गोळी, किती, ते कळायला हवं. आणि एकदम बंद कोणी करायला सांगितलं? शरीराला सवय लागल्यावर असं तोडलं तर जीव जाऊ शकतो."

गंगूबाईच्या डोळ्यांपुढे ते सगळे निरोप आले. फेकून द्या, फेकून द्या, म्हणून तिनंच सांगितलं होतं.

विपुल दाराशी उभा होता. खाली मान घालून. झाडांची नावं तिनं सांगितली होती, आता पोटच्या पोराचं नाव घ्यायचं होतं, आणि ते काही तिच्यानं घेववत नव्हतं. सकाळपासून तिलाही मळमळत होतं. हातपाय गळाले होते. काळजीनं होत असेल, असं ती धरून चालली होती.

"बाई," ती म्हणाली, "मीबी घेत होती. दोन महिने. हिच्यासंगंच बंद केलं."

विपुलनं मान वर केली. "तू? तुले तर लागू पडत नाही वं माय!"

"पडलं," गंगूबाई म्हणाली. "लागू पडलं मले."

विपुलनं गोळीचं नाव सांगितलं, किती मिसळायचा तेही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी गंगूबाईला शेजारच्या खाटेवर झोपवलं आणि त्या त्याच्याकडे वळल्या. "आणखी किती जणांना दिलं? सगळ्यांना आत्ता फोन करा, इथे उभं राहून."

विपुलनं अकोल्याहून औषध न्यायला आलेल्या एकाचा नंबर लावला. फोन वाजू लागला. गंगूबाई खाटेवरून ऐकत होती. वाजून वाजून तो आपोआप बंद झाला. कोणी उचलला नाही.