उचलता येईल तीच गाडी

हाताला पेट्रोलचा वास लागला की मला पांढरकवड्याचं हायवेलगतचं ते गॅरेज आठवतं. एकटीनं मोटारसायकलवर कन्याकुमारीला जायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. वय बावन्न, अक्कल सोळाची. जुनी गाडी बघायला आमचे हे सोबत आले ते एक अट घेऊन, "रस्त्यात पडली त उचलन कोन? एकटीनं उचलून दाखव, मंगच जा." आणि मी शहाणी, मिरवायच्या नादात सरळ सगळ्यात मोठ्या लाल गाडीवर चढले. पाय जमिनीला टेकेनात. क्षणात मी खाली आणि गाडी माझ्यावर. मिस्त्रीचाचांनी मला ओढून काढलं आणि म्हणाले, "भाभी, गाडीवर आपन बसावं लागते, तिले आपल्यावर नाही बसवत." हे तर "चाल घरी" म्हणून वळलेसुद्धा. कोपऱ्यात एका दूधवाल्याची शंभर सीसीची गाडी विकायला उभी होती, कॅन लटकवून पोचे पडलेली. मी पदर खोचला आणि तिला मुद्दाम ढकलून आडवी केली. "अवो, काहून पाडली?" चाचा म्हणाले. सोयाबीनचं पोतं पाठीवर घेतात तशी मी तिच्याकडे पाठ केली, गुडघे वाकवले आणि मागं रेटत रेटत तिला उभी केली. यांना म्हटलं, "आनखी एकदा पाडून दाखवू का?" यांनी चाचांना त्या गाडीची किंमत विचारली. कन्याकुमारीपर्यंत ती सात वेळा पडली. घरी मी दोनदाच पडली असं सांगितलं. खरा आकडा आज लिहिते आहे, कारण पुढच्या महिन्यात त्याच गाडीवर लडाखला निघते आहे, आणि या वेळी मी कोणाला विचारलेलं नाही.