शेजारच्या चुलीवरचा भात

मला मूल झालं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला नको. आमच्या मावळात तेव्हा रीत होती की लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. ही रीत कोणी काढली ठाऊक नाही. ज्यानं काढली त्याला लेक नसावी, नाहीतर भूक तरी नसावी.

माझं माहेर कुरवंड्याचं आणि सासर लोणावळ्याचं. आमचे हे रेल्वेत सांधेवाले होते, गाड्यांचे रूळ बदलायचे, म्हणून रेल्वेच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. पुढं हातभर ओटा. घरात आम्ही तिघं: हे, मी आणि माझ्या सासूबाई, ज्यांना आमच्यातल्या पद्धतीनं मी आत्याबाई म्हणायची. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे. माझे वडील, आबा, रोज सकाळी कुरवंड्याहून दूध घेऊन खाली उतरायचे. दोन्ही हातांत किटल्या, डोक्यावर घोंगडं. पारशांच्या बंगल्यांचे रतीब घालून झाले की शेवटचं माप माझ्या घरी. मग ओट्यावर टेकायचे, तंबाखू मळायचे आणि विचारायचे, "आज काय करणार?"

म्हणजे स्वयंपाकाला काय करणार.

"अजून ठरवलं न्हाई, आबा."

"मग ठरव की. ऊन वर आलं."

असं म्हणून ते ठरवायला बसायचे. मी सांगायची, वाल भिजत घातलेत. ते म्हणायचे, वालाला तुझी आई गूळ घालायची. मी म्हणायची, गूळ नव्हती घालत, चिंच घालायची.

"तुला काय ठावं? तू तवा एवढुशी हुतीस."

"एवढुशी हुते, पर जेवायला बसत हुते न्हवं?"

यावर ते जरा वेळ तंबाखू मळत बसायचे. मग आईच्या भारंगीवर घसरायचे. पावसाळ्यात डोंगरात उगवणारी ही रानभाजी. "तिच्या हातची भारंगी कदी कडू लागली न्हाई," असं आबा म्हणायचे आणि ही शुद्ध थाप होती. भारंगी कडूच असते. आई ती दोनदा उकडून पिळून घ्यायची, तरी कडूच व्हायची, आणि हेच आबा ताट सारून "म्हशीला घाल" म्हणायचे. आई गेल्यावर तिची भारंगी गोड झाली. माणूस गेलं की त्याच्या भाजीतलं मीठसुद्धा बरोबर पडायला लागतं.

एवढी सगळी चर्चा व्हायची, आमटीला फोडणी कशाची द्यायची इथपर्यंत, आणि त्यातला एक घास आबा खायचे नाहीत. मी चहा करायची. दूध त्यांच्याच म्हशीचं. पण ते माझ्या चुलीवर चढलं की परकं व्हायचं.

"च्या घ्या की."

"नगं."

आणि उठून चाळीच्या सामाईक नळावर जायचे, ओंजळ धरून पोटभर पाणी प्यायचे. नळ रेल्वेचा होता. रेल्वेला मूल आहे की नाही याची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

नळावर हंडे घेऊन बाया उभ्या असायच्या. त्या आबांना वाट करून द्यायच्या आणि मग माझ्या दाराकडे बघायच्या. मला इतका राग यायचा! आबांचा यायचा, बायांचा यायचा, नळाचासुद्धा यायचा. रोज सकाळी माझा बाप चाळीला दवंडी पिटून सांगत होता की या पोरीची कूस अजून रिकामीच आहे. आणि त्यांच्या मनात तसं काही नव्हतं, त्यांना नुसती तहान लागलेली असायची.

आईनंही तेच केलं होतं. कधी आलीच तर फडक्यात भाकरी बांधून आणायची आणि माझ्याच ओट्यावर बसून खायची. मी आतून बघत राहायची. एका थंडीत तापानं गेली. माझ्या घरचं घोटभर पाणी न पिता गेली. लग्नानंतर मी तिला एकदाही वाढलं नाही, हे आजही आठवलं की घास उतरत नाही. तेव्हाच मी ठरवलं की आबांना असं जाऊ द्यायचं नाही.

आई गेल्यावर आबा हातानं करून खायचे. भाऊ-भावजय मुंबईला, गिरणीत. आबांना भाकरी थापता येत नव्हती. ते जाड रोट भाजायचे आणि मिरचीशी खायचे. म्हशींची वैरण मात्र एकदाही चुकली नाही. वर्षभरात अंगातली बंडी खुंटीला टांगल्यासारखी लोंबायला लागली.

एकदा आत्याबाई ओट्यावर आल्या. त्या कमी बोलायच्या आणि बोलल्या की समोरच्याला उत्तर सुचायचं नाही. त्या म्हणाल्या, "व्याही, घर माझं हाय. ही तर कालची आलेली. माझ्या घरी जेवायला काय हरकत?"

आबांना उत्तर सुचलं. "घर तुमचंच. पर चूल लेकीच्या हातात हाय."

"आन् जेवलात तर काय व्हईल?"

आबांनी तंबाखूची पिंक टाकली. "बापानं तोंड लावलं की देव म्हणतो, ह्यांची काय तक्रार दिसत न्हाई. मग तो दुसऱ्याच्या कामाला लागतो. मी उपाशी बसलो म्हंजे त्येच्या ध्यानात ऱ्हाईल."

आत्याबाई आत गेल्या. इतके दिवस मला वाटत होतं, म्हातारा हट्टानं रीत पाळतोय. तो माझ्यासाठी देवाच्या दारात धरणं धरून बसला होता. आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं? तरी मी रागवायचीच.

आमच्या पलीकडच्या खोलीत नगरकडची एक बाई राहायची. तिचा नवरा रेल्वेतच होता आणि रांगतं मूल होतं. बाई मनानं सोनं. तिनंच तोड काढली. "आबांना माझ्याकडं जेवू दे. मी कुठं त्यांची लेक आहे?"

मी आबांना विचारलं. त्यांनी पुष्कळ विचार केला. "तिला पोर हाय न्हवं?"

"हाय की. रांगतंय."

"मग चालतंय."

आबा फुकट जेवणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरचा आंबेमोहोर तांदूळ तिच्या दारात आणून ठेवला, दुधाचं मापही चालू केलं आणि तिच्याकडे जेवायला बसले. मी इकडे भिंतीला कान लावून. जेवून येऊन माझ्या ओट्यावर टेकले. चेहरा जरा उतरलेला.

"काय हुतं?"

"पातळ हुतं."

"आमटी?"

"भात."

बाई मनानं सोनं होती, पण स्वयंपाक तिला शिकवायचा राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी भात करपला. करपला तो आंबेमोहोर! वास सगळ्या चाळीत पसरला. आबा "बरं हुतं" म्हणाले आणि नळावर जाऊन नेहमीपेक्षा जास्त वेळ पाणी पीत राहिले. घरी जाऊन रोट आणि मिरचीच खाल्ली असणार.

तिसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत मी शेजारणीच्या चुलीपुढे जाऊन बसले. तिला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, "बाई गं, देवच पावला. माझा नवरापण जेवेल." मी भात लावला, वालाची आमटी केली. तांदूळ आबांचे, चूल तिची, पातेलं तिचं, मीठसुद्धा तिचं. माझे नुसते हात. हातांबद्दल रीतीत काही सांगितलेलं नव्हतं. आबांची चाहूल लागली तशी मागच्या दारानं माझ्या घरी आले आणि केर काढायला घेतला. केर आधीच काढलेला होता.

आबा जेवून आले, टेकले. "बाईला आज जमलं."

"व्हय?"

"व्हय. पर आमटीला चिंच लय झाली."

"सांगते तिला."

"सांग."

पुढं हे रोजचंच झालं. सकाळी ओट्यावर आमच्या गप्पा तशाच, आईच्या आठवणी तशाच, भांडण तसंच. फक्त आता आबा विचारायचे, "उद्या बाई काय करणार?" आणि मी म्हणायची, "इचारून सांगते." मग आबा सांगायचे: हुलग्याची पिठी करायला सांग, पण ठेचलेला लसूण वरून घाल म्हणावं. चुलीला जाळ जास्त नको म्हणावं. मी मान डोलवायची. शेजारीण आतून सगळं ऐकायची आणि तोंडात पदर कोंबायची. आबांची बंडी हळूहळू भरली. शेजारणीच्या नवऱ्यानं तर बाळसंच धरलं.

श्रावणात एकदा आबा म्हणाले, "तिला भारंगी यील का, इचार."

"ती नगरकडची. तिला कुटली भारंगी ठावं?"

"मग शिकव तिला. तुझ्या आईवानी." आणि किटलीच्या झाकणाखालून भारंगीची जुडी काढून ओट्यावर ठेवली.

मी ती दोनदा उकडली, पिळली, वाल घालून केली. आबा जेवून येऊन टेकले. मीच विचारलं, "कशी झालती?"

"कडू."

"मग उद्या नगं म्हणून सांगू?"

"नगं कशाला? तुझी आई अशीच कडू करायची." पहिल्यांदाच त्यांनी हे कबूल केलं.

आबांना कळलं होतं का? म्हैस नुसती रेकली तरी तिला काय हवंय ते सांगणारा माणूस. लेकीच्या हातची आमटी त्याला कळणार नाही? पण त्यांनी विचारलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं, आणि खरं बोलले असते तर त्यांना ताटावरून उठावं लागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून ते विचारायचे नाहीत आणि मी सांगायची नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडी शेजारणीच्या नवऱ्याची बदली झाली, दौंडला. जाताना ती माझ्या गळ्यात पडून रडली. "माझ्या माणसाला तुझ्या हातची सवय लागली गं, आता मी काय करू?" मी तिला आमटी कशी करायची ते पुन्हा एकदा सांगितलं. तिच्या ध्यानात राहिलं असेल असं वाटत नाही. मीही रडले, पण खरं सांगते, तिच्यासाठी थोडी आणि आबांसाठी जास्त. दुपारच्या गाडीनं ती गेली आणि खोलीला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. माझं माप घातलं आणि सवयीनं शेजारच्या दाराकडे वळले. कुलूप बघून थांबले.

"कुटं गेली?"

"बदली झाली. दौंडला."

"कवा येणार?"

"न्हाई यायची आता."

"आसं." ते माझ्या ओट्यावर येऊन टेकले. तंबाखू काढली, मळली आणि मळतच राहिले. रात्रभर मी चाळीतल्या एकेका घराची चूल डोळ्यापुढं आणली होती, पण कोणाकडे जागा नव्हती तर कोणाचा स्वभाव धड नव्हता. परत रोट आणि मिरची, परत ती लोंबणारी बंडी. आईसारखेच तेही एक दिवस जाणार आणि मी आतून बघत राहणार.

"आज काय करणार?" आबांनी विचारलं.

"वाल हायती."

गूळ की चिंच, यावर ते काही बोलले नाहीत. नळाकडे बघत बसले. नळावर बाया होत्याच. मला वाटलं, आता उठतील, पाणी पितील आणि चालायला लागतील. पण ते उठले नाहीत. तंबाखू तशीच खाली झटकली आणि म्हणाले, "मूठभर तांदूळ माझं बी टाक."

या वाक्यासाठी मी लग्न झाल्यापासून झुरले होते. कधी ऐकायला मिळालं तर सगळ्या चाळीत साखर वाटीन असं मनात म्हणायची. आणि ऐकलं तेव्हा साखर आठवलीसुद्धा नाही. हंडे भरणाऱ्या बायांनी माना वळवल्या. त्यांना कळलं आणि मलाही कळलं. आबा धरण्यावरून उठले होते. या पोरीला आता मूल व्हायचं नाही, असं माझ्या बापानंसुद्धा मनाशी ठरवून टाकलं होतं.

मी आत गेले. मडक्यातून तांदूळ काढले, सुपात घेतले आणि निवडायचे सोडून सूप घेऊन तशीच बाहेर आले. संताप संताप झाला होता, रडूही येत होतं.

"आबा, म्हंजे तुमी वाट बघायची सोडली?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सोडतोय कुटं? बघतोय की. पर उपाशीपोटी किती बघायची, बाय? तुझी आई तशीच गेली."

मी तिथंच, त्यांच्या पायाशी, सूप मांडीवर घेऊन बसले आणि रडले. आबांनी मला उगी केलं नाही. सुपातला एक खडा तेवढा वेचून बाहेर टाकला. आतून आत्याबाईंनी तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्या हातात दिलं. मी तो आबांपुढं धरला. त्यांनी घेतला, मान वर करून एका दमात सगळं पाणी प्याले आणि रिकामा तांब्या परत माझ्यापुढं केला. मी उठून आत गेले आणि भरून आणला.