सांगून उठणारे परकार सर

परकार सर खुर्चीतून उठले तरी सगळ्या ऑफिसला सांगून उठायचे. "चहाला चाललो. दहा मिनिटांत येतो." ऑफिस म्हणजे नवीन पनवेलमध्ये औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि माणसं चार. कुणी मान वर करायचं नाही. तरी परतल्यावर "आलो रे" व्हायचंच. तिथे नोकरीला लागलो, त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं जरा सरकलेलं दिसतंय.

मस्कतला वीस वर्षं नोकरी करून आलेले सर पनवेलच्या मोहल्ल्यात एकटे राहायचे. बायको वारली होती, एकुलता एक मुलगा मस्कतलाच. आमचं काम ट्रकच्या वजनकाट्यांसाठी प्रोग्राम लिहायचं. प्रत्येक काटा वेगळ्या बनावटीचा, म्हणून सरांनी एक इंटरफेस, म्हणजे सगळ्या काट्यांना लागू असा एकच नियम, लिहिला होता: काटा कुठलाही असो, त्याला 'वजन' असलंच पाहिजे. पण ते नुसतं साठवायचं नाही, प्रॉपर्टी म्हणून लिहायचं. वजन बदललं की ती प्रॉपर्टीच ऐकणाऱ्यांच्या यादीतल्या सगळ्यांना कळवणार, स्क्रीनला, पावतीच्या प्रिंटरला, फाटकाला. या ऐकणाऱ्यांना म्हणायचं ऑब्झर्व्हर.

"बेटा, जो बदलला त्यानं सांगायचं," सर म्हणायचे. "दुसऱ्यानं दर मिनिटाला येऊन 'बदललास का, बदललास का' विचारायचं, ही काय जिंदगी झाली?"

मी शहाणा ना! एका नव्या काट्याचा क्लास, म्हणजे प्रोग्राममधला त्याचा भाग, लिहिताना घाईघाईत प्रॉपर्टी टाळली आणि आतल्या व्हेरिएबलमध्ये थेट वजन भरलं, म्हणजे नुसतं साठवलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात प्रोग्राम सुरू केला तेव्हा काट्यावर भरलेली गाडी उभी होती. तिचे बावीस टन स्क्रीनने सुरुवातीला एकदा वाचून घेतले. ती उतरली, दुसरी रिकामी गाडी चढली, तरी स्क्रीनवर बावीस टनच. तिचा उरणचा ड्रायव्हर खाली उडी मारून ओरडला, "अरं, रिकामी गाडी हाय माजी! बावीस टन काय वारा भरलाय?"

आमच्या ऑफिसचे मालक मला त्याच दिवशी काढणार होते. सर मधे पडले. "कोड मी तपासला होता. चूक माझी." साफ खोटं, त्यांनी तो पाहिलाही नव्हता. परतताना रिक्षात एवढंच म्हणाले, "तिथे सगळे कान लावून बसले होते रे. तू एकालाही सांगितलं नाहीस." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एकदा दुपारी त्यांना उरणच्या चुलतभावाचा फोन आला. फोन ठेवून सरांनी समोरचं काम बंद केलं. मी विचारलं, काय झालं?

"भाऊ 'मुबारक हो' म्हणाला. नातू झाला मला. सहा दिवस झाले." हसायला गेले, पण जमलं नाही. "मुलगा वाईट नाही हां. विचारलं की सगळं सांगतो. पण मीच विचारायला लागतं."

त्या दुपारी ते कुणालाही न सांगता चहाला गेले.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली. सर एसटी स्टँडवर सोडायला आले. माझा हात हातात धरून म्हणाले, "कधीतरी काम नसताना फोन कर. 'जेवलो' एवढंच सांगितलंस तरी चालेल."

"म्हणजे काय सर, करणारच!"

फोन केले मी, नाही असं नाही. प्रोग्राम अडला की करायचो. दुसऱ्या रिंगला उचलायचे, चुटकीसरशी अडचण सोडवायचे आणि मग विचारायचे, "बाकी?" मी म्हणायचो, "बाकी मजेत. ठेवतो सर, मीटिंग आहे."

दोन वर्षांनी पुन्हा असाच अडलो आणि फोन लावला. आवाज अनोळखी होता.

"मी त्यांचा मुलगा. रजेवर आलोय, त्यांचाच नंबर वापरतोय. अब्बा गेले. इंतकाल होऊन आठ महिने झाले."

मी भडकलोच. "अहो, मग मला कुणी कळवलं कसं नाही?"

तो म्हणाला, "माफ करा हां. तुम्ही कोण, हे मला ठाऊकच नव्हतं."

आठ महिन्यांत माझं काही अडलं नव्हतं, म्हणून मीही एक फोन केला नव्हता. आता राग आला तो स्वतःचाच. त्यानं अदबीनं विचारलं, "काही काम होतं का त्यांच्याकडे?"

होतं. त्या दिवशीही कामच होतं.