रुमालाखालचा हात

कापसाला सोन्याचा भाव आला त्या दोन-तीन वर्षांत माझ्या उजव्या हाताला अमरावतीत फार मान होता. बाकीचा मी होतो तसाच होतो.

हे जरा उलगडून सांगतो. अमरावतीच्या कापूसबाजारात भाव तोंडानं बोलत नसत. दलाल आपला रुमाल तुमच्या हातावर टाकायचा, त्याखाली तुमचा पंजा धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. तो पटला नाही तर तुम्ही आपली बोटं दाबायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, दोघं मिळून मांजराचं पिल्लू झाकून बसले आहेत. काय ठरलं ते शेजारच्या गाडीवाल्यालाही कळत नसे.

आता आम्ही महारवाड्यातले. आमची सावली पडली तर अंगावर पाणी घेणारी माणसं आमच्या गावात होती. पण चांदूर बाजाराकडची आमची वतनाची काळी जमीन असा काही कापूस द्यायची, की तो गाडीत दिसला रे दिसला की दलालाचा विटाळ हंगामापुरता रजेवर जायचा. तो धावत यायचा, रुमाल टाकायचा आणि माझा हात घट्ट धरायचा. घरी जाऊन अंघोळ करत असेल तर ती त्याची त्याला ठाऊक. मला मात्र गुदगुल्या व्हायच्या. एवढा मोठा माणूस आपला हात धरतो म्हणजे काय! चूक कबूल करून टाकतो, त्या हाताच्या नादानं मी त्याच्यावर लट्टू झालो होतो.

माझी बायको मात्र लट्टू नव्हती झाली. ती दरवर्षी गाडीवर, कापसाच्या ढिगावर बसून बाजारात यायची. कापसाची पारख माझ्यापेक्षा तिला जास्त. चिमटीत धरून धागा ओढला की तो कुठल्या वावरातला आणि कितव्या वेचणीचा ते ती सांगायची. रुमालाखालचं तिला दिसत नसे, पण माझा चेहरा दिसायचा. माझा चेहरा खुळ्यासारखा खूश झाला की हा आता कमी भावात फसतोय हे तिला कळायचं आणि ती खोकायची. ती खोकली की मी एक बोट वाढवायचो. आमचा संसार या खोकल्यावर बरा चालला होता.

मग एका माघ महिन्यात ती तहानली. बाजार शहराच्या परकोटाच्या, म्हणजे तटाच्या आत भरायचा आणि गाड्यांपासून हाकेच्या अंतरावर विहीर होती. आम्ही तिला हात लावायचा नाही. आम्ही ओंजळ पुढे करून उभं राहायचं, कुणाला वेळ झाला की तो वरून पाणी ओतणार. त्या दिवशी कापसाला असा उठाव होता की कुणालाच वेळ नव्हता. सकाळची ती उभी राहिली, ऊन कलंडलं तरी उभीच. मधे एकदा तिचा खोकला ऐकून मी बोट वाढवलं, आणि दलालानं माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं, कारण सौदा केव्हाच झाला होता. तो खोकला खरा होता. अखेर एका गाडीवाल्यानं तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. ती प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "या बजारात म्या आता पाय ठेवनार नाई. पानी माह्या हातानं घेता येईन, तवाच येईन."

ती बोलली ते बोलली. पुढच्या हंगामात मी एकटाच गेलो. ढिगावर कुणी नाही, खोकायला कुणी नाही. दलाल माझ्यावर फारच प्रसन्न दिसला, यावरून मी किती स्वस्तात कापूस दिला असेन ते समजा. परतीच्या वाटेवर गाडी रिकामी आणि शेजारची जागा त्याहून रिकामी. मला ती तिथे हवी होती, आणि हे तिला तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती.

अशातच तो सभेचा प्रकार झाला. नवीन आलेल्या इंग्रज साहेबाला गाड्यांची गर्दी खुपायला लागली. बाजार परकोटाबाहेर, नाल्याकाठच्या मोकळ्या मैदानात न्यावा असं त्याच्या मनात आलं. आतले शेठ, दलाल आणि जुनी वजनदार मंडळी खवळली. बापजाद्यांपासून चालत आलंय ते तसंच राहिलं पाहिजे म्हणून त्यांनी एक सभा काढली. साहेब म्हणाला, गाड्या आणणाऱ्यांना विचारा आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते मला लिहून द्या. झालं! गाडी असलेला प्रत्येक माणूस एका दिवसात थोर झाला. आमच्या वाड्यात बारा गाड्या होत्या.

खुद्द दलाल आमच्या वाड्याशी आला. अगदी आत नाही, पण कडेच्या निंबाखाली तरी आला. तिथूनच म्हणाला, "या बरं सारे जन. सभा काही एकट्या शेठलोकाइची नाई. दार सर्व्याइले उघडं हाय."

आमच्या लोकांनी सगळं माझ्यावर सोपवलं. माझा बाप पलटणीत होता, त्यामुळे छावणीच्या शाळेत मी चार अक्षरं शिकलो होतो. तेवढ्यावर माझी हुशारी वाड्यात खपून जायची. सगळे म्हणाले, "तू दाबशीन ते बोट आमी दाबू."

बायकोनं निघताना एकच सांगितलं, "पान्याचं इचारून या."

खरं सांगू? मी जुन्या मंडळींच्या बाजूनंच निघालो होतो. परकोटाच्या आत चोराचिलटाचं भय नव्हतं, भिंतींची सावली होती, आणि हात धरणारा माझा दलाल होता. मी मनात मांडणी केली होती. विहिरीजवळ एक दगडी हौद बांधून द्या, कुणीतरी सकाळी तो भरून ठेवावा आणि आम्ही त्यातून आपल्या हातानं घ्यावं. एवढं कबूल करा की आमच्या बाराही गाड्या तुमच्या. एका हौदात बारा गाड्या! इतका स्वस्त सौदा त्या बाजारात कुणी केला नसता. आणि बायको पुन्हा ढिगावर बसली असती.

सभा एका शेठच्या ओसरीवर होती. आम्हाला अंगणाच्या टोकाला, जोडे काढून ठेवतात तिथे बसवलं. जोड्यांना आणि आम्हाला सारखाच मान होता, फरक एवढाच की जोडे सावलीत होते. आमच्या गावचे पाटील आत तक्क्याला टेकून बसले होते. पानसुपारीचं तबक पायरीपर्यंत आलं, आमच्याकडे बघून थबकलं आणि परत गेलं.

एका शिकलेल्या गृहस्थांनी आधी मुंबईचं वर्तमानपत्र वाचून दाखवलं. कापूस महाग का झाला, तर सातासमुद्रापार अमेरिका म्हणून मुलूख आहे, तिथे मोठी लढाई जुंपली आहे. तिथले गोरे लोक काळ्या माणसांना गुलाम करून त्यांच्याकडून कापूस वेचून घेतात. त्यांना शेजारी बसू देत नाहीत, घरात घेत नाहीत, माणसात धरत नाहीत. ओसरीवर सगळे हळहळले. "अरेरे! माणुसकीच नाही म्हणायची!" मलाही खरंच वाईट वाटलं. उन्हात बसून मी सगळ्यांत मोठ्यानं "अरेरे" म्हणालो. ओसरीवरच्या दोघातिघांनी वळून पाहिलं आणि माझं मन किती मोठं आहे म्हणून माना डोलावल्या.

मग भाषण झालं. जे पूर्वी होतं ते किती चांगलं होतं आणि ते तसंच का राहावं, यावर ते होतं. आम्हा बाराजणांना पूर्वी काय होतं ते चांगलंच पाठ होतं, त्यामुळे ऐकता ऐकता आमच्यातला एक घोरायला लागला. शेवटी वक्ते आमच्याकडे हात करून म्हणाले, "हेही आपलेच आहेत." आपल्या म्हशीबद्दल माणूस बोलतो तसा तो आवाज होता. मला पहिल्यांदा थोडं टोचलं.

त्यानंतर मतं घ्यायची होती. कुणाचं मत काय ते त्याच्या सावकाराला कळू नये म्हणून बाजाराचीच रीत धरली होती. दलाल रुमाल घेऊन फिरणार, रुमालाखाली एक बोट दाबलं की बाजार आत, दोन दाबली की बाहेर. ओसरी झाली, पायऱ्या झाल्या, अंगणातले कुणबी गाडीवाले झाले. मग दलाल आमच्या रांगेपाशी आला. मी उठलो, सवयीनं हात पुढे केला.

त्यानं रुमाल टाकला नाही. तो घडी करून खांद्यावर ठेवला आणि म्हणाला, "तू लांबूनच दाखव ना बाप्पा."

मी म्हणालो, "शेठजी, मागच्या बजाराले तर तुमी माहा हात सोडून नव्हते राह्यले."

अंगणात हशा पिकला. दलालही हसला, स्वभावानं वाईट नव्हता तो. वेळ काय झाली ते सांगावं इतक्या सरळपणे तो म्हणाला, "अरे, तवा मधात कापूस होता."

इतकी वर्षं तो हात माझा आहे असं मी धरून चाललो होतो. कापसाचा हात त्यानं धरला होता, आणि तो माझ्या मनगटाला जोडलेला होता इतकंच. मला फार लागलं ते. आजही लिहिताना लागतं.

"दाखव ना लवकर," ओसरीवरून कुणीतरी ओरडलं. "त्यात लपवायचं काय आहे?"

लपवायचं काय होतं ते तक्क्याला टेकून माझ्याकडेच बघत होतं. पाटलांच्या देखत उघडी बोटं दाखवायची आणि गावी परत जाऊन त्यांच्याच आसऱ्यानं राहायचं! बाकी सगळ्यांची मतं रुमालाखाली, आमची तेवढी चव्हाट्यावर. मग माझं डोकं फिरलं. मी डोक्याचा पटका सोडला, माझ्याच दोन्ही हातांवर टाकला, आत माझी बोटं मीच दाबली आणि म्हणालो, "मालक, माहा सौदा माह्यासंगच झाला. तुमी लिहून घ्या."

माझ्यामागे बाकी अकराही जणांनी पटके सोडले. जो घोरत होता त्यानंही, काय चाललंय ते न कळता, सोडला. अंगणभर हसू फुटलं, शेठ लालबुंद झाले आणि आम्ही बोडक्या डोक्यांनी, छाती काढून बाहेर पडलो. गावापर्यंत आम्ही तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगत होतो. प्रत्येक वेळी माझं वाक्य थोडं आणखी झणझणीत होत होतं.

बायको चुलीपाशी होती. मी तिलाही सगळं नक्कल करून दाखवलं. दलाल झालो, शेठ झालो, पटका टाकून दाखवला. ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं विचारलं, "अन् पान्याचं काय म्हनले?"

मी तसाच उभा राहिलो, पटका हातावर. पाण्याचं विचारायचंच राहिलं होतं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मंग तुमी तिथं तुमच्याच हाताचं घेऊन बसले," आणि भाकरी उलटवायला वळली.

बाजार आतच राहिला. साहेबाला गेलेला कागद लिहिणाऱ्या कारकुनाशी माझी ओळख होती, त्यानं मला मजकूर सांगितला. आम्हाला अगत्यानं बोलावलं होतं, पण आम्ही मत दिलं नाही. या लोकांना अशा गोष्टींची आवडच नाही, असं त्यात होतं. तो कागद कुठेतरी दप्तरात अजून असेल आणि कुणीतरी तो खरा मानत असेल.

पुढे अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव कोसळला. भाव पडला तसा दलालाचा विटाळ रजेवरून परत आला आणि कामावर रुजू झाला. आता तो रुमाल न टाकता दुरूनच भाव ओरडायचा. तोवर अकोल्याकडे आगगाडीचा बोलबाला झाला होता. तिथे नदीकाठी गाड्या सोडतात आणि नदीवर कुणी पहारा ठेवत नाही, असं आमचे गाडीवाले ऐकून आले होते. अमरावतीच्या मंडळींना धास्ती पडली. बाजार कुठे हवा ते साहेब पुन्हा एकदा गाडीवाल्यांना विचारणार होता.

म्हणून ऐन फाल्गुनात, भर दुपारी, दलाल पुन्हा आमच्या निंबाखाली येऊन उभा राहिला. पायी आला होता. घामानं डबडबलेला, धुळीनं भरलेला. मला खरोखर कोडं पडल्यासारखं त्यानं विचारलं, "तुमी लोक आमच्या सभेत काहून येत नाई बाप्पा? दार तर उघडं हाय." आणि तो खोकला. कोरडा, घसा खरवडणारा खोकला. सवयीनं माझं बोट हललं.

मी उत्तर जुळवत होतो. तीन-चार वर्षांचं साठलेलं होतं, चांगलं लांबलचक झालं असतं. तेवढ्यात बायको घरातून आली. तिच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता, लख्ख घासलेला, बाहेरून ओलावलेला. तिनं तो त्याच्यापुढे धरला.

"उनाचे आले, शेठजी," ती म्हणाली. "आदी पानी घ्या."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. ती एकदा दिवसभर तहानलेली उभी राहिली होती, तिला तो खोकला कळला होता.

दलालानं तांब्याकडे पाहिलं. ओठांवरून जीभ फिरवली. हात थोडासा पुढे आला, तोच हात, मी तो अंधारातही ओळखला असता. मग तो मागे गेला. "नको बाई," तो म्हणाला, "तहान नाई," आणि वळून वाटेला लागला. वळणापर्यंत त्याचा खोकला आम्हाला ऐकू येत होता.

ती तांब्या धरून तशीच उभी होती. मग तो तिनं माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुमी तरी घ्या." मी घटाघटा प्यालो.

चार दिवसांनी आमच्या बाराही गाड्या अकोल्याच्या वाटेला लागल्या. पुढच्या गाडीत, कापसाच्या ढिगावर, ती बसली होती.