शेठजींची गद्दी आणि माझा उजवा खुबा

आमच्या शहरातल्या पंडरीच्या कापड बाजारात भाव माल बघून ठरतो, असं फक्त नवख्याला वाटतं. मी ज्या ठोक दुकानातून साड्या घेत आले, तिथे भाव ठरतो तुम्ही कुठे बसता यावरून. आत गुडघाभर उंचीचा लांबरुंद ओटा आहे. त्यावर जाड गाद्या, गाद्यांवर पांढरी चादर, भिंतीला लोड. ती गद्दी. चपला खाली काढायच्या, चादरीला हात लावून तो कपाळाला लावायचा, वर चढायचं आणि मांडी घालायची. गद्दीवर बसला तो व्यापारी, समोरच्या बाकावर बसलं ते गिऱ्हाईक. साडी दोघांना तीच दाखवतात. गिऱ्हाइकाला भाव मोठ्यानं सांगतात, व्यापाऱ्याला हळूच.

मला त्या गद्दीवर कुणी बोलावलं नव्हतं. वर्ध्याकडून लग्न होऊन या हिंदी मुलखात, बूढ़ापारा मोहल्ल्यात आले तेव्हा नवरा रेल्वेत होता आणि घरात तोंडं बरीच होती. मी पिशवीत साड्या घालून शंकर नगरच्या ऑफिसांत जेवणाच्या सुट्टीत जायची. पुढे बीरगांवला कारखान्यातल्या लोकांच्या बायकांकडे जायला लागले. पहिल्यांदा त्या दुकानात गेले तेव्हा शेठजींनी बाकाकडे बोट दाखवलं. "दीदी, रिटेल उधर." मी चपला काढल्या आणि सरळ वर चढून बसले. "मी रिटेल नाही. माल काढा." बाजूचे दोन व्यापारी हसले. शेठजी हसले नाहीत. त्यांनी नोकराला गठ्ठा उघडायला सांगितला.

त्यानंतर किती वर्षं मी त्या चादरीवर बसले. तीजाच्या आधीचे दिवस तर विचारूच नका. इकडे तीजाला भाऊ बहिणीला माहेरी नेतो आणि साडी देतो, म्हणून त्या आधी सगळा बाजार उसळलेला असतो. नोकर वरून गठ्ठे फेकतात, साडी हवेत उलगडत येते आणि मांडीवर पडते. समोर, मागे, दोन्ही बाजूंना साड्याच साड्या. मी पुढे वाकून लांबचा पदर ओढून घ्यायची, दोन बोटांत चोळायची, उलटा करून धागा बघायची आणि तोंड वाकडं करायची. आवडलेल्या साडीकडे तर बघायचंच नाही. शेठजी म्हणायचे, "दीदी, आप तो जान ले लोगे." मी म्हणायची, "जान ठेवा तुमच्यापाशी, भाव सांगा." असं भांडत बसण्याइतकं सुख मला घरात कधी मिळालं नाही. खोटं कशाला सांगू?

दुखणं आलं ते जांघेतून. आधी वाटलं स्कूटर स्टँडवर लावताना हिसका बसला असेल. मग कधी मांडीत, कधी थेट गुडघ्यात. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं दुसऱ्या कुणाच्या पायांनी टाकतेय असं वाटायचं. उजव्या पायाच्या नखांपर्यंत हात पोचेना. तरी मी गद्दीवर बसतच होते. बसायची अडचण नव्हती, उठायची होती. उठताना मी लोड धरायची आणि नोकराला काहीतरी ओरडायची, म्हणजे तोंडातून निघालेला आवाज दुखण्याचा आहे हे कळू नये.

डॉक्टरांनी फोटो काढला आणि दिव्यासमोर धरला. खुब्याच्या सांध्यातली गादी झिजली आहे, दोन हाडांमधली जागा उजवीकडे कमी झाली आहे, म्हणाले. ऑपरेशनचं पुढे लागलं तर बघू. आधी फिजिओथेरपी, वजन थोडं उतरवा, आणि जमिनीवर मांडी घालून बसणं बंद. मी विचारलं, "गद्दीवर?" ते म्हणाले, "गद्दी म्हणजे जमीनच की."

मागच्या तीजाच्या आधी मी लंगडत दुकानात गेले. चपला काढायला वाकले आणि तिथेच अडकले. शेठजींनी वरून बघितलं आणि नोकराला हाक मारली, "अरे, दीदी के लिए स्टूल ला!" लाल प्लास्टिकचं स्टूल आलं. त्यांनी ते गद्दीसमोर ठेवायला लावलं, बाकाच्या शेजारी. मी बसले, कारण उभं राहवत नव्हतं. साड्या निघाल्या आणि शेठजींनी भाव सांगितला. मोठ्यानं.

मी स्टूल ढकललं आणि उठले. "आजपासून मी तुमची गिऱ्हाईक झाली का?" ते म्हणाले, "अरे दीदी, आपके पैर के लिए..." मी पुढचं ऐकलंच नाही. त्या वर्षीचा तीजाचा माल मी दुसरीकडून घेतला, तोही उभ्या उभ्या, आणि त्याचे रंग मला अजून आठवतात. एक रंग धड नव्हता.

ती गोष्ट मनातून गेली नाही. भाजी चिरताना, कुकर लावताना मी शेठजींशी बोलत असायची. नवरा आता रिटायर होऊन दिवसभर घरीच असतो. तो ऐकायचा. एकदा म्हणाला, "तू त्या शेठशी भांडून राहिली का पायाशी? काही समजूनच नाही राहिलं."

"दोघांशी."

"मंग आधी पायाशी तोडपाणी कर. तो घरातच आहे."

म्हणून मी फिजिओथेरपीला गेले, शंकर नगरलाच. तिथली मुलगी मराठी घरातली. माझं सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत. तिनं पाय वळवून बघितला, उभं केलं, चालायला लावलं. मी पहिल्याच दिवशी सौद्याला बसले. "हे बघ बाई, तू जे सांगशील ते मी करीन. पण मले मांडी घालता आली पाह्यजे. तीजाच्या आत."

"आंटी, पालथी का, यानी मांडी का, वादा नहीं करूँगी. सीढ़ी, चलना, करवट लेके सोना, ये सब अच्छा हो सकता है. दर्द भी कम होगा."

"मले जे पाह्यजे ते सोडून बाकी सगळं दाखवून राहिली तू."

ती हसली. "दुकान में जो है वही दिखाऊँगी ना."

मला राग आला, पण पोरीचं बोलणं आवडलंही. मी असते तर असंच बोलले असते.

तिनं शिकवलेलं फार काही अवघड नव्हतं. उताणं पडून गुडघे वाकवायचे आणि कंबर वर उचलायची. कुशीवर झोपून पावलं जुळवून वरचा गुडघा उघडायचा. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून पाय बाजूला न्यायचा. उंच खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. आणि काठी, तीही डाव्या हातात. "दुखते उजवीकडे अन् काठी डावीकडे काहून?" तिनं काठी आधी एका, मग दुसऱ्या हातात देऊन मला चालवून दाखवलं. डाव्या हातात धरल्यावर उजव्या खुब्यावरचा भार खरंच उतरला. मी मान्य केलं. असं क्वचित होतं.

पण मी ठोक खरेदी करणारी बाई. रोज थोडं थोडं म्हणजे मला फुटकळ वाटायचं. मनात आलं, जास्त केलं तर लवकर होईल, तीजाही जवळ येतोय. एका रविवारी सकाळी मी चटई घातली आणि आठवडाभराचा माल एकदम उचलावा तसा आठवडाभराचा व्यायाम एकदम उचलला. नवरा दारात येऊन बघून गेला. "कोणती परीक्षा आहे?" म्हणाला. संध्याकाळी मला खाटेवरून उतरता येईना. कूस बदलली की डोळ्यांत पाणी.

चालता यायला लागल्यावर मी रागानंच तिच्याकडे गेले. "तुझ्या व्यायामानं पाय गेला माझा." मी काय काय केलं ते तिनं विचारलं. मी सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. "आंटी, ये थोक में नहीं मिलता. रोज का रोज लेना पड़ता है." मग समजावून सांगितलं की व्यायामानंतर थोडं जास्त दुखलं तर घाबरायचं नाही, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर तेवढं कमी करायचं. अगदी बंदही करायचं नाही. बंद केलं की सांधा आखडतो.

मग मी रोजचं रोज घ्यायला लागले. सकाळी गरम पाण्याची पिशवी, मग चटई, मग बूढ़ा तालाबाच्या काठानं काठी घेऊन चालणं, जमेल तेवढंच. तिथे बाकांवर बायका मांडी घालून शेंगा खात गप्पा मारत असायच्या. मी त्यांच्या गुडघ्यांकडे बघायची. दोन्ही बाजूंना किती सहज खाली गेलेले. त्यांना माहीतही नव्हतं आपल्याकडे काय आहे. मला कुणाच्या दागिन्यांचा हेवा कधी वाटला नाही, त्या मांडीचा वाटला.

हळूहळू कूस बदलता यायला लागली. जिना चढताना कठडा धरायची गरज कमी झाली. मांडी मात्र आली नाही. चटईवर मी पुन्हा पुन्हा बघायची, उजवा गुडघा एका उंचीपर्यंत उतरायचा आणि तिथेच थांबायचा. फिजिओथेरपीवाली म्हणाली, "उसको जबरदस्ती मत झुकाना." मग तिनं एक वाट दाखवली. ओटा गुडघाभर उंच असेल तर आधी काठावर टेकायचं, डावा पाय वर घेऊन वाकवायचा, पाठीला लोड लावायचा आणि उजवा पाय सरळ पुढे सोडायचा. थोडा वेळ असं चालेल. सारखं उठून फिरायचं.

घरी खाटेवर करून बघितलं. जमलं. मग लक्षात आलं की ते गद्दीवर चालणार नाही. गद्दीवर कुणी पाय लांब करून बसत नाही. ती लक्ष्मीची जागा, समोर माल. मालाकडे पाय करणारा व्यापारी मी आयुष्यात पाहिला नाही. मी स्वतः एकदा एका नव्या बाईला त्यावरून झापलं होतं. नवरा म्हणाला, "मंग स्टूलच बरा." मी त्या दिवशी त्याला जेवण नुसतं वाढलं, बोलले नाही.

तीजा जवळ आला. मी डाव्या हातात काठी घेऊन दुकानात गेले. गद्दी होती तशीच. शेठजींनी मला बघितलं, नोकराकडे बघितलं, पण या वेळी त्याला हाक मारली नाही. स्टूल कोपऱ्यात दिसत होतं.

मी काठावर टेकले. चादरीला हात लावून कपाळाला लावला. "शेठजी, वर बसणार आहे. पण पाय लांब करावा लागते. उजवा. दुसरा इलाज नाही. चालत नसेल तर आत्ताच सांगा, मी चालली."

गद्दीवरचे व्यापारी थांबले. "गद्दी पे पैर?" एकजण म्हणाला. शेठजींनी माझ्या काठीकडे बघितलं. नाही म्हणाले असते तर मी परत कधी त्या गल्लीत पाऊल टाकलं नसतं, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

"माल इधर घुमा दो," ते नोकराला म्हणाले. "दीदी का पैर सड़क की तरफ रहेगा. माल बाएँ हाथ को."

नोकरांनी गठ्ठे ओढले. मी वर सरकले, डावा पाय वाकवला, लोड पाठीशी घेतला, उजवा पाय रस्त्याकडे सोडला. साडी हवेत उलगडली आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन पडली. मांडीवर नाही. मांडी नव्हतीच. पहिली साडी मोरपंखी होती, काठ पिवळा. तिचा पदर पलीकडे, दोन हात अंतरावर पडला होता. पूर्वी मी एका झेपेत तो ओढून घेतला असता. आता पुढे वाकायला गेले तर खुब्यानं आतून नाही म्हटलं. मी तशीच बसून त्या पदराकडे बघत राहिले. इतकी वर्षं बघितलेलं कापड, पण इतक्या लांबून कधी बघितलं नव्हतं.

शेठजी माझ्याकडे सरकले आणि भाव सांगितला. हळूच.

"इतका?" मी म्हणाले. "पदर आधी हातात तर द्या. तुमचा माल मी रस्त्याकडे तोंड करून घेऊ का?"

त्यांनी तो स्वतः उचलून दिला. मी दोन बोटांत चोळला, उलटा केला, धागा बघितला आणि तोंड वाकडं केलं.