पूजेच्या फोटोतली स्कूटर

दसऱ्याच्या सकाळी बाबा स्कूटर धुतात. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीखाली, अर्ध्या विजारीवर आणि बनियनवर, सोबत एक बादली आणि एक जुना टूथब्रश. टूथब्रश नंबरप्लेटसाठी. एकेका अक्षराच्या कडेने तो फिरवताना त्यांच्या जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात आलेलं असतं. मग कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आणि वरच्या खिडकीतून आईची हाक, "अहो, झाली का तुमच्या लेकीची आंघोळ?"

फोटो काढायचं काम माझं. मी राहतो ठाण्याला, वर्तकनगरात, पण दसऱ्याला सकाळीच डोंबिवलीला पोहोचतो. गेल्याच्या आधीच्या दसऱ्याचे फोटो फार चांगले आले होते. समोरून एक, मागून एक, आणि तिसऱ्यात बाबा वाकून कुंकू लावताहेत, त्यांच्या बोटांखाली लख्ख घासलेला नंबर, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा.

ते फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले. तेवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहावं लागलं नसतं.

त्या श्रावणात बाबा गेटजवळ स्कूटरवरून घसरले होते. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. पण वय शहात्तर, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं ते पुढे ढकलत होते. त्यातून तिकडे लांब खडवलीला माझी आत्या राहते, त्यांची थोरली बहीण. तिच्याकडे ते वर्षानुवर्षं स्कूटरने जात आले होते. घसरल्यानंतर आम्ही त्यांच्याकडून वचन घेतलं की स्कूटर फक्त भाजीबाजार आणि वाचनालयापर्यंत. त्यांनी दिलं, पण आत्या आजारी पडली की ते माझ्याकडे नुसते बघत बसायचे. डोंबिवलीचा फोन आला की मी आधी विचारायचो, बाबा घरी आहेत ना?

स्कूटरच नसली तर प्रश्नच मिटेल, असं मला वाटायला लागलं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणून मी विचारलं नाही. नौपाड्यातल्या माझ्या ऑफिसात दुपारचा डबा खाताना, जुन्या वस्तू विकायच्या एका साइटवर मी बाबांच्या स्कूटरची जाहिरात टाकली. आधी गिऱ्हाईक मिळू दे, मग सांगू, असा विचार. फोटो लागणार होते. मोबाइलमध्ये होते ते दसऱ्याचे. तेच टाकले, हारासकट, कुंकवासकट. तिसऱ्या फोटोतून बाबांना कापायचेही कष्ट घेतले नाहीत. खाली लिहिलं, 'एकच मालक, वयस्कर गृहस्थ, अतिशय जपून वापरलेली.' पूजेच्या फोटोवर मी किंमत टाकली.

एकाने विचारणा केली. मागचा फोटो जरा स्पष्ट मिळेल का? मी मूळ फोटो पाठवला. पुढचा? तोही पाठवला. कुठल्या भागातली गाडी, कुठल्या सालची, सगळं सांगितलं. मग त्याचं उत्तर आलं नाही. तोच पुढच्या प्रकारातला माणूस होता असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. नसेलही.

पुढे जुन्या गाड्यांना नव्या सरकारी नंबरप्लेट बसवायचा नियम आला. इमारतीत सगळ्यांच्या आधी बाबांनी बसवली. मी गेलो तेव्हा मला खाली नेऊन त्यांनी पाटीवरची चकाकती खूण दाखवली, न निघणारा खिळा दाखवला. "आता ही कोणाला काढताच येणार नाही," ते म्हणाले. त्या चेहऱ्यासमोर मला जाहिरातीचं सांगवेना. मी विषय सोडून दिला. जाहिरात मात्र जिथे होती तिथेच राहिली.

उन्हाळ्यात चलान आलं. बाबांच्या सगळ्या कागदांना माझा मोबाइल जोडलेला आहे, त्यामुळे संदेश मला आला. हल्ली चलानाचे खोटे संदेशही येतात, म्हणून त्यातल्या लिंकला हात न लावता मी सरकारी साइटवर जाऊन पाहिलं. खरं होतं. विना हेल्मेट, ठिकाण टिटवाळ्याच्या पुढे, खडवलीच्या रस्त्यावर. सोबतचा फोटो मोबाइलवर उघडेना. मी पुन्हा प्रयत्न केला नाही. माझं सगळं ठरून गेलं होतं. लगेच फोन लावला.

"बाबा, आत्याकडे गेलेलात का?"

"नाही रे. का?"

"स्कूटरवरून?"

"अरे, नाही म्हणालो ना."

"हेल्मेटपण नव्हतं. चलान आलंय मला."

"मग दुसऱ्या कोणाचं तरी असेल."

"नंबर तुमचा आहे. बाबा, निदान खोटं तरी बोलू नका."

पलीकडे आईचा मिक्सर चालू होता, तो बंद झाला. बाबा म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात ते एकटे बसने वर्तकनगरला आले. मी ऑफिसात होतो. बायकोच्या हातात त्यांनी स्कूटरची चावी दिली, चहा घेतला, तिच्या बाल्कनीतल्या कढीपत्त्याचं कौतुक केलं आणि मी यायच्या आत निघून गेले. चावी आमच्या फ्रिजवरच्या टोपलीत पडली. मला वाटलं, चला, सुटलो. हेही सांगायलाच हवं, की मला त्या क्षणी हलकं वाटलं होतं.

चावी त्या टोपलीतच असताना दुसरं चलान आलं. त्याच रस्त्यावर, ट्रिपल सीट.

या वेळी मी कॉम्प्युटर लावून फोटो उघडला. बाबांच्या स्कूटरसारखीच राखाडी स्कूटर, तेच मॉडेल. वर तीन पोरं, हेल्मेट एकालाही नाही, मधला कशावरून तरी खदखदून हसतोय. जुन्या पद्धतीची साधी पाटी, आणि त्यावर आमचा नंबर. बाबांच्या स्कूटरला तर केव्हाच नवी पाटी बसली होती. मग पहिल्या चलानाचा फोटो उघडला. त्यातही तीच गाडी, त्या तिघांतलाच एक पोरगा.

मी जाहिरात शोधली. अजून होती. बाबा वाकून कुंकू लावत होते.

बायको मागे उभी राहून बघत होती. मी म्हणालो, "नंबर झाकायला हवा होता गं."

"नंबर राहू दे," ती म्हणाली. "त्यांना विचारलं होतंस का?"

जाहिरात काढून टाकली आणि डोंबिवलीला फोन केला. "बाबा, ती तुमची गाडी नव्हती."

"मी तेच म्हणालो होतो," ते म्हणाले.

मी माफी मागितली, खोटारडे ठरवल्याबद्दल. जाहिरातीबद्दल एक शब्द बोललो नाही. ते काही बोलायच्या आत आईने फोन ओढून घेतला. ट्रिपल सीटचं ऐकून ती मागे वळून म्हणाली, "ऐकलंत का? मला आजवर कधी कल्याणच्या पुढे डबलसीट नेलं नाहीत, आणि आता दोघांना घेऊन हिंडताय!" बाबांचं हसू मला ऐकू आलं.

त्या दिवसांत मला जिकडेतिकडे नंबरच दिसायला लागले. ओळखीच्यांनी नव्या गाडीसमोर काढलेले फोटो, पेढ्याचा बॉक्स बोनेटवर आणि खाली नंबर. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वाकड्या लावलेल्या गाड्यांचे फोटो, 'हा कोण शहाणा?' असं लिहून. त्यातले निम्मे मीच टाकलेले. एकदा त्यातल्या एका गाडीचा मालक दुसऱ्या मजल्यावरच्या आजीबाईंना तपासायला आलेला डॉक्टर निघाला होता, आणि आम्ही सगळे हसलो होतो. ते फोटो आता मी एकेक करून काढले. ते आणखी कुठे कुठे गेले असतील, ते मला कसं कळणार?

चलानाविरुद्ध तक्रार ऑनलाइन केली, तरी कागद घेऊन वाहतूक पोलिसांच्या कार्यालयात प्रत्यक्ष जावं लागेल असं कळलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद लावून तयार होते. आम्ही रिक्षाने गेलो. चावी माझ्या खिशात होती. ती द्यायला मला तोंड नव्हतं.

समोरच्या महिला अधिकारी तरुण होत्या. त्यांनी नव्या पाटीचा फोटो पाहिला, चलानाचे फोटो पाहिले. "काका, हे तर उघड आहे. डुप्लिकेट नंबर लावलाय. काळजी करू नका." मग पेन उचलून त्यांनी विचारलं, "गाडीचा फोटो नेटवर कुठे टाकला होता का? विकायला वगैरे?"

"छे! विकायची कशाला?" बाबा म्हणाले.

"विचारावं लागतं. नंबर काय, रस्त्यावर सगळ्यांनाच दिसतो. फोटो टाकला म्हणून कोणी तुम्हाला पकडणार नाही. पण रस्त्यावर गाडी निघून जाते. नेटवर लोक रंग, मॉडेल, साल, एरिया सगळं एका जागी देतात. मग तशीच गाडी उचलायची आणि हा नंबर लावायचा. उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं तर पोलीस आधी तुमच्याच दारात येणार ना, काका?"

मी मान खाली घातली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं असावं. मग शेजारून त्यांचा आवाज आला, अगदी शांत.

"हो, मॅडम. आठवलं. मध्यंतरी मीच टाकायला सांगितला होता. विकायचा विचार होता माझा."

त्या लिहायला लागल्या. मी बाबांकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीवरच्या सूचना वाचत होते. आयुष्यात सरकारी कागदावर चुकीची तारीखही न घातलेला हा माणूस, आणि ज्याने त्यांना खोटं बोलू नका म्हणून सुनावलं त्याच्यासाठी ते आता खोटं लिहून देत होते. खाली सही त्यांची होणार होती.

"मॅडम, थांबा," मी म्हणालो. "मी टाकला होता. त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांना न सांगता त्यांची स्कूटर विकायला काढली होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही आधी दोघं ठरवा," त्या म्हणाल्या, "मग मी लिहिते."

"तो म्हणतो तसंच लिहा," बाबा म्हणाले.

बाहेर आल्यावर आम्ही चालायला लागलो. रिक्षास्टँडच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "किती मागितले होतेस?"

मी आकडा सांगितला. ते थांबलेच. "एवढेच? अरे, दोन्ही टायर नवे आहेत!"

मला हसता येईना. मी म्हणालो, "बाबा, चुकलं माझं. तुम्ही घसरलात तेव्हापासून मला भीती वाटते."

"ते कळतं रे मला. मलाही वाटते." पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "पण विचारायचंस. मी नाही म्हणालो असतो, तू चिडला असतास, आई मध्ये पडली असती. भांडण झालं असतं. तेवढं तरी झालं असतं."

मी खिशातून चावी काढून दिली. ती कुठे ठेवली होती, हे त्यांनी विचारलं नाही.

घरी आईला मी स्वतःच सगळं सांगितलं. तिने आधी मला झापलं, मग बाबांना झापलं, "आणि तुम्ही पोलिसांसमोर कसल्या थापा मारता?" आणि मग ब्रेड संपलाय म्हणाली. बाबा उठले. दाराच्या मागचं हेल्मेट काढलं आणि दुसरं माझ्यापुढे धरलं. ते आईचं होतं, फिकट गुलाबी.

"मागे बसणाऱ्यालाही लागतं," ते म्हणाले.

ते माझ्या कानांवर घट्ट बसत होतं. शाळेनंतर पहिल्यांदाच मी त्यांच्या मागे बसलो. गाडी फाटकातून बाहेर पडली, आणि समोर आलेला प्रत्येक खड्डा मी त्यांच्याआधी बघायला लागलो. एक डोळा अजून राहिला होता. रिक्षा आडवी आली की माझे पाय आपोआप खाली जायचे, आणि ते शांतपणे ब्रेक लावायचे, माझ्यापेक्षा कितीतरी आधी. मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं.

"बाबा, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या. मी सुट्टी टाकतो. आणि तोवर खडवलीला मी नेतो तुम्हाला, याच गाडीवरून."

"हे तू विचारतोयस की सांगतोयस?"

"विचारतोय."

त्यांनी गाडी एका खड्ड्याच्या कडेने काढली. मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"बघू," ते म्हणाले. "आणि तू मागे असा डुलू नकोस. गाडी हलते."